उत्तरेला चौदा अंश पंखा

ताईच्या दोन आसनी विमानात आता रिकामी जागा म्हणून उरली नव्हती. नकाशा दाखवणारा टॅबलेट, त्याचा स्टँड, कॅमेरा, चार्जर आणि परवा बसवलेला छोटा पंखा. या गोतावळ्याच्या मधोमध होकायंत्र बसलं होतं, घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं. मान सगळे देत होते, विचारत कुणी नव्हतं.

उद्या ताईला उडायचं होतं. त्यासाठी होकायंत्र कुठे किती चुकतं याच्या तक्त्यावर धाकट्या भावाची सही हवी होती. धाकटा भाऊ मेकॅनिक. आकडे खोटे निघाले तर त्याचा परवाना जाणार, आणि ढगात वाट चुकली तर ताई.

सकाळपासून तो जमिनीवर रंगवलेल्या दिशांच्या वर्तुळात विमान फिरवत होता. ढकलत एका दिशेला न्यायचं, ताईने आत इंजिन सुरू करून आकडा सांगायचा, बंद करायचं, पुन्हा ढकलायचं. अशा आठ दिशा. स्टँडचं चुंबक गेलं, चार्जर मागे गेला, कॅमेरा बाहेर गेला. पंखा उतरवल्यावर आठही दिशा जुळल्या. ताईने तो लगेच परत बसवला. पंख्याच्या मोटरमधल्या चुंबकाने उत्तर चौदा अंश सरकली.

"काढ तो."

"घाम डोळ्यांत जातो माझ्या. डोळे मिटून उडवू?"

"उघड्या डोळ्यांनी भलतीकडे जाण्यापेक्षा बरं."

"टॅबलेट आहे की! होकायंत्राकडे बघतं कोण?"

"टॅबलेट बंद पडला की सगळेच बघतात."

"अपशकुनी बोलणं काही सुटलं नाही तुझं, बाळ्या. कर सही."

"करतो. पण मग तक्त्यात दोन रकाने. पंख्याविना, पंख्यासह."

"लिही की मग. हात दुखतो?"

"आधी मोजावं लागतं, ताई. आठही दिशा, पहिल्यापासून. या वेळी आत मी, ढकलणार तू."

उत्तर झाली. ईशान्य झाली. पूर्वेला ताई दाराशी आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता. आत बाळ्या कॉलर उघडून, पंख्याच्या वाऱ्यात, सावकाश आकडे लिहीत होता.

"मजा येतेय?"

"इलाज नाही. पंखा चालूच हवा."

ताईने हात पुढे केला. "स्क्रूड्रायव्हर."

"पितळी घे, लोखंडी नको. त्या बिचाऱ्या होकायंत्राच्या डोक्यात आणखी काही भरायला नको."

चार स्क्रू निघाले, पंखा बाळ्याच्या मांडीवर आदळला. त्याने दुसरा रकाना खोडला, सही केली. विमान मात्र अजून पूर्वेला तोंड करून उभं होतं, आणि शेडपर्यंत ढकलायची पाळी कुणाची, यावर एकमत होईना.