चार ओळींचे उकंडाकाका

नेरच्या शेतकरी कंपनीत संचालकांची निवडणूक लागली, आणि उभं राहायला निघालेले उकंडाकाकाच सभासदांच्या यादीत नव्हते. यादीत नाव नसेल तर अर्ज घेत नाहीत, आणि अर्जाची मुदत उद्या संपत होती.

"मी तुह्यासमोर उभा हावो ना, विक्की? मंग यादीत काहून नाही?"

कंपनीचा संगणक सांभाळणाऱ्या विक्कीलाही तेच कळत नव्हतं. सगळे सभासद क्लाउडवरच्या माहितीच्या गोदामात होते, डब्यात डबा ठेवल्यासारखे: सभासदाच्या पोटात त्याची वावरं, वावराच्या पोटात पिकं. नुसती नावं मागितली की काका यायचे. पण यादीत पीकही हवं होतं, आणि विक्कीची माहिती मागवणारी एसक्यूएलची क्वेरी डबे उघडत आत शिरली की काका गायब. जेवायचं सोडून शोधल्यावर उलगडा झाला. क्वेरी दर पिकामागे एक ओळ लिहीत होती, आणि काकांनी औंदा वावर पडीक ठेवलं होतं. पीक नाही म्हणून ओळ नाही, ओळ नाही म्हणून काका नाहीत.

रिकामा डबाही धरणारी क्वेरी असते, असं विक्कीनं कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते आठवेना. तात्पुरती कपाशी लिहून टाकू, असं त्यानं सुचवलं. काका भडकले, खोटं लिहून निवडून येणारे वेगळे, असं म्हणाले, आणि तडक वावरात गेले.

सकाळी ते चिखलाच्या पायांनी परतले. "पेरलं. लिह्य आता."

मेथी, पालक, मुळा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, एकाच वाफ्यात. विक्कीनं लिहिलं, क्वेरी चालवली. उकंडाकाका चारदा आले. तसे कपाशीत तूर लावणारे सगळेच दोनदोनदा होते, पण त्यांची तक्रार नव्हती.

निवडणूक अधिकारी सदाशिवराव यादीबाहेर पाहत नसत. चौघांपैकी एकच उभा राहू शकतो, बाकी तिघांनी माघार घ्यावी, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. माणूस एकच आहे, हे विक्कीनं परोपरीनं समजावलं. सदाशिवरावांनी यादीवर बोट ठेवलं. काकांनी तीन माघारींवर सह्या केल्या आणि बाकावर बसले.

"मंग आता उभा कोन हाय?"

विक्कीनं यादीत पाहिलं. "मुळा."

काकांनी पायाचा वाळलेला चिखल खरवडला.

"मेथीवाला ठेवाले पाह्यजे होता," ते म्हणाले. "मुळ्याले कोन मत देते?"