आयडाची खाट, सध्या टेबल नंबर चार

अहो, तो कॉफीचा मग जरा कडेला ठेवा. हो, तुम्हालाच म्हणतेय. इकडेतिकडे काय बघता, खाली बघा. ज्या फळीवर तुम्ही कोपर टेकलंय ना, ती मी बोलतेय. व्हेनेसाच्या या कॅफेत मला टेबल नंबर चार म्हणतात. पण मी टेबल नाही. मी खाट आहे. चौक गावातल्या आयडाची खाट.

तुमचं सँडविच यायला अजून वेळ आहे, तोवर ऐका. नाही ऐकलंत तरी चालेल. मी आता इतकी दमलेय की कोणी ऐकलंच पाहिजे असा हट्टसुद्धा उरलेला नाही.

खाट व्हायच्या आधी मी होडी होते. आयडाचे सासरे त्या होडीवरून मासेमारी करायचे. होडी म्हातारी झाली, पाणी घ्यायला लागली, तेव्हा ती किनाऱ्यावर ओढून मोडली. सासऱ्यांचा एक नेम होता. ज्या लाकडाने घर पोसलं ते चुलीत घालायचं नाही आणि विकायचंही नाही. त्यांचा मुलगा इनास तेव्हा लग्नाचा होता. त्याने बबन सुताराला अंगणात बसवलं आणि त्या फळ्यांतून मला करून घेतलं. होडीच्या पुढच्या टोकाला एक निळा क्रूस रंगवलेला होता. त्यातला अर्धा क्रूस माझ्या पोटाखालच्या फळीवर आला. तो वरून दिसत नाही. खाली आडवं पडलं तरच दिसतो.

लग्न करून आयडा आली ती माझ्यावर बसली. तिची ॲशली माझ्यावरच रांगायला शिकली. मोठी झाल्यावर रुसली की ती माझ्याखाली जाऊन पडायची आणि त्या क्रुसावर बोट फिरवत राहायची. इनास आजारी पडला तो माझ्यावर, आणि गेला तोही माझ्यावरच. त्यानंतर खाली मला बघितलं की आयडाचा हात कामावर चालेना. मग तिने शेजाऱ्यांना बोलावून मला वरच्या खोलीत चढवलं आणि ती खोली कॉलेजच्या मुलींना भाड्याने द्यायला लागली. घर चालायला हवं होतं ना.

तेव्हापासून दर जुलैत माझी परीक्षा व्हायची. मिरा रोडला पीजीचे भाव ऐकून आईबापांचे डोळे पांढरे व्हायचे. मग कोणीतरी सांगायचं, उत्तनकडे बघा, लांब पडेल, पण परवडेल. ते भाईंदरहून बस पकडून चौकला यायचे. आई माझ्या गादीत बोटं खुपसायची, बाप मला हलवून बघायचा. मुलगी मात्र खिडकीतून समुद्र बघत उभी. मग हमखास तोच प्रश्न, "बोंबलांचा वास रोज येतो का हो?" आयडा म्हणायची, "चार दिवसांनी येणार न्हाय." आणि खरंच, चार दिवसांनी कोणाला वास यायचा नाही.

पहिल्या वर्षाची मुलं म्हणजे एक वेगळीच जमात. घरी फोनवर "मस्त चाललंय" म्हणायचं आणि फोन ठेवला की उशीत तोंड खुपसायचं. माझ्याखाली लाडवांचे डबे ठेवायचे आणि मुंग्या लागेपर्यंत विसरायचे. काही जणी वर्षभर राहिल्या. काही दुसऱ्या फेरीत दुसरं कॉलेज लागलं म्हणून महिन्यात पळाल्या आणि जाताना डिपॉझिट परत मागू लागल्या. आयडा बिचारी द्यायची. मग रिकाम्या खोलीकडे बघत बसायची, कारण एकदा कॉलेजं सुरू झाली की वर्षभर कोणी भाडेकरू मिळत नाही.

गेल्या जुलैत ॲशलीलाच बंगलोरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिच्या होस्टेलच्या नियमांचं पुस्तक आलं, त्यातलं एक वाक्य तिने मराठीत करून दारावर चिकटवलं. कोणत्याही कारणास्तव डिपॉझिट परत मिळणार नाही. "बघ मम्मी," ती म्हणाली, "आता तुला कोणी फसवणार न्हाय. मोठी होस्टेलंबी हेच करतात." आयडाला तो कागद फार आवडला. तिने वर प्लास्टिक लावून घेतलं.

त्याच आठवड्यात चोपड्याहून दशरथ आला, एसटी डेपोतला मेकॅनिक, मुलगी इशिताला घेऊन. तिला इंजिनिअरिंग करायचं होतं. पण त्या प्रवेशांच्या फेऱ्या किती लांबतात ते घरात मुलं असणाऱ्यांना सांगायला नको. हाती काही तरी असावं म्हणून त्याने भाईंदरच्या एका कॉलेजात बीसीएची फी भरून टाकली. इथेच तो चुकला. फी भरली तशी खोलीही पक्की केली, वर्षभराचं भाडं डिपॉझिट म्हणून एकदम देऊन. इंजिनिअरिंगची यादी लागायची बाकी आहे हे त्याला माहीत होतं. पण भावकीतल्या कोणीतरी सांगितलं होतं की मुंबईकडे खोल्या पटापट जातात, आणि मुलगी परक्या गावात उघड्यावर पडेल या भीतीने तो घाईला आला. दारावरचा कागद त्याने वाचलासुद्धा. "बरोबर आहे ताई," म्हणाला, "नियम पाहिजेच."

आयडाने ते पैसे घेतले आणि तसेच्या तसे ॲशलीच्या होस्टेलला पाठवले. एका पोरीच्या खोलीतून दुसऱ्या पोरीची खोली झाली.

इशिता चांगली पोरगी होती. कमी बोलायची, झोपेत मात्र भलतंच बडबडायची. एकदा तिचं पेन घरंगळत माझ्याखाली गेलं. ते शोधायला ती आत शिरली आणि तिथूनच ओरडली, "आंटी, इथे काहीतरी रंगवलंय!" आयडा वर आली, तीही गुडघे धरत खाली वाकली, आणि मग दोघी माझ्याखाली पडून राहिल्या. आयडाने होडीची, सासऱ्यांची, इनासची, सगळी गोष्ट सांगितली. किती वर्षांनी कोणी तरी त्या क्रुसावर बोट फिरवलं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. लाकडाचं रडू तुम्हाला दिसत नाही एवढंच.

आणि ऑगस्टमध्ये यादी लागली. इशिताला कराडचं सरकारी कॉलेज लागलं. फी थोडी, नाव मोठं. ती माझ्यावर चक्क उड्या मारत होती. माझे सांधे बोलायला लागले, पण म्हटलं मार पोरी, मार.

उड्या संध्याकाळपर्यंत टिकल्या. कराडला होस्टेल भरून गेलं होतं. बाहेर खोली बघायची तर तिथेही आधी डिपॉझिट, मेसचे पैसे आगाऊ. सोमवारपर्यंत तिथे हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. दशरथ चोपड्याहून आला तो सरळ बीसीएच्या कॉलेजात गेला आणि तिथून दुपारी चौकला. वर येऊन माझ्यावर बसला. असा बसला की मला वाटलं, पाय मोडतोय माझा.

"दाखला दिला त्यांनी," तो मुलीला म्हणाला. "फीचं म्हणे अर्ज ठेवून जा, वर पाठवतो. वर म्हणजे कुठे, विचारलं. म्हणे वर म्हणजे वर. आणि मुदत उलटून गेलीये, तेव्हा मिळतीलच असं धरू नका."

मग त्याने आयडाकडे बघितलं. दारावरच्या कागदाकडेही बघितलं. "ताई, नियम मला ठाऊक आहे. मी वाचला होता. पण थोडे तरी..."

"भाऊ, न्हाय माझ्याकडं," आयडा म्हणाली. "तुमचे पैसे आले तसेच गेले. शपथ हाय."

"तुमच्या मुलीच्या होस्टेलवाल्यांना विचारून बघता का?"

आयडाने तिथेच ॲशलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "ॲश, तुझ्या होस्टेलला विचार, थोडं डिपॉझिट परत देतात काय. मग आपण हप्त्याने भरू."

"मम्मी, वेडी झालीस काय? कोणत्याही कारणास्तव न्हाय. आपल्या दारावर तेच तर लिवलंय. मी त्यांचंच कॉपी केलंय ना."

कागद दारावर होता, प्लास्टिकमध्ये, चकचकीत.

दशरथच शेवटी उठून म्हणाला, "असू द्या ताई. तुमचीबी पोर शिकते आहे. बीसीए काय वाईट आहे? भाईंदरलाच करेल. खोलीचे पैसे भरलेले आहेत, वाया तरी जाणार नाहीत." आणि मुलीला म्हणाला, "हो ना बेटा?"

इशिता "हो पप्पा" म्हणाली. रडली नाही, भांडली नाही. खाली वाकली आणि बॅगेत भरलेली पुस्तकं परत एकेक करून माझ्याखाली ठेवायला लागली. जिथे आधी होती तिथेच, क्रुसाच्या बरोबर खाली. मी कितीतरी मुलींचं रडणं ऐकलंय. पण त्या पुस्तकांचा आवाज मला सहन झाला नाही.

आयडालाही झाला नसावा. ती खाली गेली. थोड्या वेळाने जिन्यातून तिचा फोनवरचा आवाज आला. "व्हेनेसा, तुला ती खाट पायजे होती ना? अजून पायजे काय?"

ही व्हेनेसा, आपल्या कॅफेची मालकीण. हिने वर्षभर आयडाच्या मागे धोशा लावला होता. जुन्या होडीच्या लाकडाला आता भाव आलाय म्हणे. शहरातली माणसं त्यावर हात फिरवून फोटो काढतात. आयडा दर वेळी तिला उडवून लावायची, "इनासची खाट विकू व्हय? तुझी जीभ झडली न्हाय काय हे बोलताना?"

इशिता धावत जिन्यात गेली. "आंटी, नको. ही खाट नको. मला माहितेय ना ती कशाची आहे."

"गप गो," आयडा म्हणाली. "आधी होडी होती, मग खाट झाली, आता आणिक काय तरी होईल. लाकूड हाय ते, त्याला सवय हाय. तुझी जागा सोमवारनंतर परत मिळणार न्हाय." मग म्हणाली, "सासरा ओरडेल मला वरून. ओरडू दे. भेटल्यावर सांगीन त्याला."

लाकूड हाय ते. खरं सांगू, मला लागलं ते बोलणं. पण नंतर टेम्पो यायच्या आधी ती एकटी वर आली. ओल्या फडक्याने तिने माझा एकेक पाय पुसला. डोक्याकडची फळी पुसताना मात्र हात थांबला, तिथे इनासचं डोकं टेकायचं. "माफ कर रे," एवढंच म्हणाली. मला म्हणाली का इनासला, कोण जाणे. आम्ही दोघांनी माफ केलं.

दशरथने पैसे दोन्ही हातांनी घेतले आणि आयडाच्या पाया पडायला वाकला. ती मागे सरकली. "अवो भाऊ, हे काय! तुमचेच हायत." इशिताची पुस्तकं पुन्हा बॅगेत गेली. ती भाईंदरच्या बसने गेली, मी टेम्पोने.

इथे मला उंच पाय लावले, वरून पॉलिश चढवलं. आता माझ्यावर कोणी झोपत नाही. कॉलेजची मुलं येतात, तिघांत एक कॉफी मागवतात आणि तासन्‌तास बसतात. बोलणं तेच. कुठलं कॉलेज, कोणाचे पैसे अडकले, कोणाच्या रूमवर पाणी नाही. मी ऐकते. ऐकून ऐकून शीण आलाय हो. एवढी मोठमोठी कॉलेजं, होस्टेलं, सगळ्यांनी दारावर तोच कागद लावलाय. आणि ज्या पोरांनी अजून जग बघितलं नाही, त्यांनी पहिल्याच महिन्यात पुढची चार वर्षं अचूक ओळखायची.

नाताळात ॲशली घरी आली. आयडाने तिला काही सांगितलं नव्हतं. वरची खोली रिकामी बघून खाट कुठे गेली ते तिने आईला विचारलं आणि तशीच तणतणत इथे आली, मागून आयडा धापा टाकत. कॅफे माणसांनी भरलेलं. पोरीने कोणाची पर्वा केली नाही. सरळ माझ्याखाली शिरली आणि फरशीवर पाठ टेकून पडली. क्रुसावर बोट ठेवलं आणि हमसून रडायला लागली. "डॅडींची खाट का विकलीस? कोणाला विचारून विकलीस? माझ्यासाठी काय ठेवलंस?"

आयडा माझ्या कडेला उभी होती. व्हेनेसाने खुर्ची दिली ती तिने घेतली नाही. "तुझ्या होस्टेलात घातली ती," ती म्हणाली. "तू झोपतेस तिकडं, त्या पलंगावर. तीच हाय ती."

ॲशलीचं रडणं थांबलं. नुसते तिचे पाय बाहेर दिसत होते. मग आतून आवाज आला, "व्हेनेसा, मला पहिला पगार मिळाला की मी ही परत घेणार."

आयडा कसनुशी हसली. "आधी तिचा नियम विचार, पोरी. विकलेला माल परत घेत न्हाय म्हणेल."

व्हेनेसा हातातला ट्रे तसाच धरून खाली वाकली आणि माझ्याखाली बघून म्हणाली, "माझा तसला नियम नाहीये, ॲश. पैसे आण, खाट ने. कधीही."

झालं, एवढंच. मी वाट बघते असं म्हणणार नाही. नर्सिंगला वर्षं लागतात, आणि वाट बघायचाही कंटाळा येतो या वयात. पण तुमचा मग अजून तिथेच आहे. उचला बघू. गरम मगाचा गोल डाग उठला की पॉलिशने जात नाही, आणि मला इनासच्या घरी डाग घेऊन जायचं नाही.