गच्चीवरचं कुसकुस

सालहाने परातीतल्या रव्यावर मिठाचं पाणी शिंपडलं आणि जिन्याकडे कान दिला. कोणी नव्हतं. मोठ्या लाकडी परातीभोवती तिने चटया अंथरल्या होत्या, पुदिन्याचा चहा दोनदा उकळून दोनदा निवला होता, आणि ऊन कठड्यावरून उतरून तिच्या पायांशी आलं होतं.

परवा तिच्या नवऱ्याला, अम्मारला, जाऊन चाळीस दिवस होणार, त्याचा चाळिसावा. त्या दिवशी सगळ्या गल्लीला रव्याचे दाणे वळून वाफवलेलं कुसकुस जेवायला घालायचं आणि ते गल्लीतल्या बायकांनी मिळून वळायचं, अशी त्यांची रीत. एकटीने वळायचं म्हणजे अम्मारला इथे कोणीच नव्हतं, असं गावभर सांगण्यासारखं. तीस वर्षं त्याने याच गल्लीतल्या सगळ्यांचे नळ फुकटात दुरुस्त केले होते.

काल भट्टीवर पाव घेताना तिने बायकांना सांगितलं होतं, "उद्या माझ्या गच्चीवर कुसकुस आहे गं." बायका "बघते, जमलं तर" म्हणाल्या आणि पाव कापडात गुंडाळून पटापट पांगल्या. तेव्हा तिला नुसतं नवल वाटलं होतं. आता रवा मुठीत तसाच राहिला आणि तिला आपली चूक उमगली.

गच्चीवर कुसकुस आहे, हे वाक्य म्हणजे एके काळी सभेचा निरोप होता. समुद्रकाठचा खताचा कारखाना पाण्यात काळा गाळ सोडतो, त्याच्या धुराने पोरांना धाप लागते, यावर बोलायला चार बायका जमल्या की चौकीतून चौकशी व्हायची. घरातले नवरे ओरडायचे ते वेगळंच. पण कुसकुस वळणाऱ्या बायकांना कोण हटकणार? मग साऱ्या जणी चाळण्या घेऊन उजळ माथ्याने सालहाच्या गच्चीवर यायच्या आणि चाळणीखाली फलकांची कापडं असायची. शेजारच्या मन्नूबियाच्या नवऱ्याने एकदा विचारलंच होतं, महिनाभर वळताय ते आमच्या ताटात कधी पडणार? त्या दिवशी बायका हसून हसून लोळल्या होत्या. त्याच बायका नंतर कारखान्याच्या फाटकासमोर भर उन्हात जाऊन बसल्या आणि साहेबांना खाली उतरून यावं लागलं.

साहेब हुशार निघाले. त्यांनी कोणाला दटावलं नाही, गल्लीतल्या घरटी एका पोराला कामावर घेतलं. भांडण असं झालंच नाही. कोणाची कंबर धरली, कोणाकडे पाहुणे आले, आणि गच्ची ओस पडली. सालहाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिचं तोंड बंद करायला कारखान्यापाशी काही नव्हतं. दर शुक्रवारी ती फाटकाशी एकटीच बसायची. अम्मार त्याच कारखान्यात राबलेला. फुप्फुसं गेल्यावर खाटेवर पडून तो तिला म्हणायचा, तू जा, मला काही लागत नाही.

समोरच्या गच्चीवर कोणी कपडे वाळत घालत होतं. कठड्याशी जाऊन एक हाक मारली असती, अगं, सभा नाही, चाळिसावा आहे, तर साऱ्या जणी धावत आल्या असत्या. पण सभा नाही असं ओरडून सांगायला तिची जीभ रेटेना. जणू आपण इतकी वर्षं काहीतरी लाजिरवाणं करत होतो! ती खाली मान घालून रवा वळत राहिली. अम्मार गेला त्या दिवशीसुद्धा तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. मन्नूबिया चाळणी छातीशी धरून शेवटच्या पायरीवरच थांबली.

"सभा नाही ना?"

"परवा चाळिसावा आहे."

मन्नूबियाने कपाळाला हात लावला. "अगं बाई, आम्हाला वाटलं..." मग ती पुढे आली, पण बसली नाही. "हे बघ, तिथलं काही काढायचं नाही हं. माझ्या वजदीला आत्ताच कारखान्यात कायम केलंय. मुलगीही बघितली आहे."

सालहाकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण ती दमली होती आणि तिला आणखी दोन हात हवे होते.

"नाही काढणार," ती म्हणाली.

मन्नूबिया बसली. तिने होणाऱ्या सुनेबद्दल सांगितलं, मटणाच्या भावाला नावं ठेवली, सुनेच्या आईलाही ठेवली. सालहा नुसती हुंकार देत होती. रव्याचे दाणे चाळणीतून एकसारखे पडत होते आणि काम उरकत आलं होतं.

तेवढ्यात वारा फिरला. नासक्या अंड्यांसारखा कारखान्याचा वास गच्चीवर आला. मन्नूबियाने घाईघाईने कापड ओढून परात झाकली. दोघी वारा पडायची वाट बघत बसल्या. सालहाने शब्द दिला होता.

"सालहा," मन्नूबिया खाली बघत म्हणाली, "अम्मारचा खोकला सुरुवातीला कसा होता गं?"

सालहाने तिच्याकडे पाहिलं. याच प्रश्नासाठी तिने दारोदार उंबरे झिजवले होते. आता तो समोर आला, तर तिला वाटलं, हिने विचारलाच नसता तर बरं झालं असतं.

"कोरडा," ती म्हणाली. "पहाटेचा."

 मन्नूबियाने कापडाची टोकं एकेक करून परातीखाली खोचली, आणि सगळी खोचून झाल्यावरही तिचे हात तिथेच दाबून राहिले.