फिलोमिना सिस्टरांची माळ

१९९३च्या चोवीस डिसेंबरला दुपारी फिलोमिना सिस्टर रोह्यातल्या याकूबच्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या आणि पिशवीतून लाइटची माळ काढून त्यांनी टेबलावर ठेवली. त्या जवळच्याच दवाखान्यात नर्स होत्या. सकाळपासून उभ्या असल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं.

"याकूबभाई, झाड सजवून झालं आणि ही पेटतच नाही. पाचला सुटले की नेते. होईल ना?"

"एखादा बल्ब गेला असेल. ठेवून जा."

माळेत चाळीस बारीक बल्ब होते. एक गेला की सगळी माळ बंद. याकूबने एक चांगला बल्ब घेतला आणि पहिल्या होल्डरपासून जुना काढून तो लावून बघत निघाला. चाळिसाव्यापर्यंत पोचला तरी माळ पेटली नाही. म्हणजे एकापेक्षा जास्त गेले होते. मान अवघडली होती. त्याने परत सगळे बल्ब काढले आणि एकेक चार सेलना टेकवून पाहिला. तीन गेलेले निघाले.

नव्या बल्बला केसासारख्या दोन तारा असतात. त्या प्लास्टिकच्या बुडातल्या भोकांतून ओवून बाहेर दुमडायच्या. याकूबने बल्ब डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. तार तुटली. दुसऱ्या बल्बचीही तुटली. डबीत आता तीनच उरले. कुवेतमध्ये अकरा वर्षं त्याने एसी दुरुस्त केले होते, लढाई झाली तेव्हा परत आला. हात अजून पक्के होते. पण गेले कित्येक महिने तो बारीक कामं अंदाजानेच करत होता.

त्याची बायको हलीमा आतून बाहेर आली. तुटलेल्या तारा तिने पाहिल्या.

"द्या इकडे."

"बारीक काम हाय गो. तुला नाय जमायचं."

"रोज सुईत दोरा कोण घालतं?"

त्याने डबी तिच्याकडे सरकवली. तिने उंबऱ्यात उजेडाला बसून तिन्ही बल्ब ओवले. याकूबने ते बसवले, बटण दाबलं. माळ पेटली.

"जवळचं दिसत नाय ना तुम्हाला?" हलीमाने विचारलं.

"ईदच्या आधीपासून."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"मिस्त्रीला दिसत नाय म्हटल्यावर दुकानात कोण येईल?"

पाचला सिस्टर आल्या. पेटलेली माळ बघून त्या स्टुलावर टेकल्या, मिनिटभर तशाच बसून राहिल्या.

"देवासारखे धावलात, याकूबभाई."

"मी नाय. बल्ब हिने ओवले," याकूब म्हणाला. "मला तारा दिसल्याच नायत."

"चष्मा लागला असेल. गुरुवारी आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर येतात. या."

"बघू."

"येतील," हलीमा म्हणाली.

सिस्टर माळ घेऊन गेल्या. याकूबने कोपऱ्यातली बिघडलेली इस्त्री पुढे ओढली. हलीमा आत गेली नाही. तिने स्टूल टेबलाजवळ घेतलं.

"हिचा कुठला स्क्रू काढायचा?"