बेटावरचं घर

शुभदा आणि अद्वैत शहराच्या ट्रॅफिकमध्ये रखडत तिसऱ्यांदा हेब्बाळहून जयनगरला आले होते. उडुपीजवळच्या खाडीतल्या एका छोट्या बेटावरचं घर त्यांना घ्यायचं होतं. घराच्या मालकीणबाई धनलक्ष्मी आता मुलाकडे जयनगरात राहत, आणि दर भेटीत त्यांची नवी अट निघे.

"बेटावरची माणसं विचारतात, पावसाळ्यात तुम्ही तिथंच राहणार ना?"

"अक्का, नोकरी इथं आहे. आम्ही सुट्टीला जाऊ," शुभदा वैतागून म्हणाली. "घर विकताय की सोयरीक जुळवताय?"

"चार घरं अशीच सुट्टीवाल्यांनी घेतली. सगळ्यांना कुलूप. माणसं घटली तशा होडीच्या फेऱ्याही घटल्या. आणखी एक कुलूप कायमचं लागलं तर होडीच बंद होईल. मग माझी शेजारीण डायालिसिसला कशी जाणार?"

शुभदा खुर्चीत पुढे सरकली. "हे पहिल्याच भेटीत सांगायचं ना!"

"तेव्हा वाटलं, तुम्ही राहायलाच येताय."

"मग नको आम्हाला घर," अद्वैत उठत म्हणाला.

गाडीत शुभदाने दार धाडकन आपटलं.

"एवढी कशाला चिडतेस?"

"त्यांचं बरोबर आहे ना," ती म्हणाली, "त्याचाच जास्त राग येतोय."