समुद्रासाठी घेतलेली ट्यूब

मी एक जुनी पोहायची ट्यूब आहे. रंगाने पिवळी, अंगावर निळे मासे. आता पिवळेपणा मळून गेला आहे आणि माशांपैकी चारच काय ते ओळखू येतात. मित्रांनो, मी पाण्यासाठी जन्मले, पण सगळे आयुष्य चार भिंतींत काढले. त्यात कुणाचा दोष नव्हता.

माझा जन्म एका मोठ्या, उकाड्याच्या कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या दोन चकत्या तापत्या साच्याखाली एकमेकींना चिकटवल्या की आमच्यासारखी एक तयार होई. मग आम्हांला फुगवून रात्रभर फळीवर ठेवत. सकाळी ज्या बहिणी मलूल झालेल्या असत, त्यांची रवानगी कचऱ्यात. मी टम्म होते. तपासणाऱ्या बाईने मला दोन चापट्या मारल्या आणि म्हणाली, "ही दणकट आहे. पोरांना पुरून उरेल." तेवढ्या कौतुकावर मी दुकानाच्या खोक्यात पुष्कळ महिने सुखाने पडून होते.

मला विकत घेतले ते एका तिघांच्या कुटुंबाने. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहून दातसुद्धा घासत नसे.

ते थायलंडला निघाले होते. समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये, चार दिवस. तिघांपैकी कुणीच आजवर समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे बेत आखण्यात जी मजा आली ती विचारू नका! जेवणाच्या टेबलावर बाबांनी लिफ्टच्या वायरिंगचा एक जुना नकाशा उलटा अंथरला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर चार दिवसांचे चार चौकोन आखले.

"पोचण्यात अर्धा दिवस जातो, निघण्यात अर्धा," ते म्हणाले. "म्हणजे समुद्र मिळतो तीन दिवस. त्यात तुझी आई दुपारची झोपणार."

"झोपणारच," आई म्हणाली. "अकरा वर्षांत दुपारी झोपले नाहीये मी. समुद्र काय पळून जातोय?"

खोली बागेच्या बाजूची घ्यायची की पाण्याच्या, यावर तीन दिवस खल झाला. भिंगरीच्या पासपोर्टचा फोटो तीनदा काढावा लागला, कारण दर वेळी तिला नेमके हसू फुटे. बाबांना पोहता येत नव्हते, पण ते ऐटीत सांगत, "मी आपला उथळ पाण्यात उभा राहणार आणि तुझी ट्यूब धरून ठेवणार. लिफ्टची दोरी धरतो तशी. सुटायचं नावच नाही."

हवा टिकते का हे पाहायला त्यांनी मला घरीच फुगवले. भिंगरी मला कमरेत अडकवून घरभर फिरली आणि स्वयंपाकघराच्या दारात अडकून बसली. आई हसून हसून खाली बसली. मित्रांनो, त्या आठवड्याइतकी मी पुन्हा कधीच सुखी नव्हते.

निघायला एकोणीस दिवस उरले होते तेव्हा एका इमारतीत काम करताना बाबांच्या पायाखालची फळी सरकली. ते दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडले. जीव वाचला, पण पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचे अंग कायमचे गेले.

मी तेव्हा अर्धवट भरलेल्या बॅगेत होते. माझ्यावर भिंगरीचा पोहण्याचा पोशाख होता, त्यावर आईची गवताची टोपी. किती तरी आठवडे ती बॅग कुणी उघडली नाही.

बाबा घरी आले तेव्हा त्यांच्यासोबत चाकांची खुर्ची आली. दिवसभर बसून बसून त्यांच्या अंगाखालची कातडी लाल होऊ लागली. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"हे चिघळलं तर फार वाईट," त्या आईला म्हणाल्या. "खुर्चीसाठी खास गादी मागवायला हवी. ती यायला वेळ लागेल. तोवर हवेचं, मऊ काही आहे का घरात?"

आई विचार करत होती तोवर भिंगरी आत गेली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज झाला. ती मला घेऊन बाहेर आली.

"ही चालेल?"

"अगं, ती तुझी..." आई म्हणाली.

"तिथे भाड्याने मिळतात," भिंगरी म्हणाली.

नर्सबाईंनी मला अर्धीच फुगवली, वर टॉवेल गुंडाळला आणि खुर्चीवर ठेवली. "ही तात्पुरती सोय आहे. दर थोड्या वेळाने त्यांना हलवत राहा," असे त्यांनी दोनदा बजावले. बाबा माझ्यावर बसले. त्यांनी टॉवेलच्या कडेतून डोकावणारा एक निळा मासा पाहिला आणि तो टॉवेल नीट ओढून घेतला.

खास गादी यायला फार दिवस लागले, आणि आली ती मापात बसली नाही. ती परत गेली, दुसरी आलीच नाही. मग मीच राहिले. भेटायला येणारे माझे कौतुक करत. "वा, पोरीच्या ट्यूबने बरं काम केलं!" असे कुणी म्हणाले की मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

रिसॉर्टच्या लोकांनी मात्र माणुसकी दाखवली. वर्षभरात केव्हाही या, असे त्यांनी कळवले होते. वर्ष संपत आले तेव्हा बाबांनी कुणाला न सांगता त्यांना मोबाइलवरून पत्र लिहिले की खुर्ची पाण्यापर्यंत नेता येईल का. उत्तर आले त्या संध्याकाळी त्यांनी ते आईला वाचून दाखवले. खोलीपासून जेवणघरापर्यंत उतार आहे. पुढे किनाऱ्यावर जायला अकरा पायऱ्या आहेत आणि मग वाळू. पण काळजी नसावी, आमची माणसे आपल्याला आनंदाने उचलून नेतील.

"बघ, किती चांगली माणसं आहेत," आई म्हणाली.

"चांगलीच आहेत." बाबांनी मोबाइल पालथा ठेवला. "पण मला नाही जमायचं. जेवता जेवता लोक माना वळवून बघतील, आणि भिंगरी त्या लोकांकडे बघत राहील. समुद्राकडे कोण बघणार?"

"मग कुणीच नको जायला."

"असं करू नकोस. तू तिला घेऊन जा. चार दिवस माझा भाऊ येऊन राहील."

"मला नाही जायचं," भिंगरी दारातून म्हणाली.

"तुला जायचंय," बाबा म्हणाले. "माझ्याशी खोटं बोलू नकोस गं."

त्या दोघी गेल्या. घरात राहिले बाबा, त्यांचा धाकटा भाऊ आणि मी. पहिल्याच दिवशी बाबांनी कागद-पेन्सिल मागितली आणि मांडीवर कागद ठेवून एकाखाली एक प्रश्न लिहू लागले. पाणी गार होते की कोमट? नाकात गेले का? लाट पायाखालची वाळू ओढून नेते म्हणतात, ते खरे का? आई दुपारी झोपली का?

काकांनी खांद्यावरून वाचले. "परीक्षा घेणार आहेस की काय पोरीची?"

"घेणारच. तोंडी परीक्षा. दोन तास चालेल," बाबा म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांचे अंग हसण्याने हललेले अनुभवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. वाऱ्याच्या घोंगावण्यात काही ऐकू येत नव्हते. पडद्यावर पाणी होते आणि पाण्यात पाठमोरी भिंगरी, लाल रंगाच्या दुसऱ्याच ट्यूबमध्ये. लाट आली, ती उलटीपालटी झाली आणि खिदळत वर आली. मग तिला मोबाइल दिसला. तिचे हसू असे विझले, जणू ती काही चोरताना पकडली गेली होती.

"बाबा," ती म्हणाली. "मी येतेच बाहेर."

"अगं नको, खेळ तू!" बाबा ओरडून म्हणाले. पण ती पाण्याबाहेर यायला निघाली होती. त्यांनी घाईने कॉल बंद केला. "रेंज नाही वाटतं," असे भावाला सांगितले.

चौथ्या दिवशी त्या परतल्या. बाबा सकाळपासून दाढी करून तयार होते. प्रश्नांचा कागद घडी करून त्यांनी मांडीखाली, माझ्यावर ठेवला होता. भिंगरी आली. नाक सोलवटलेले, केस राठ, कानामागे वाळू.

"कसा होता समुद्र?"

तिने आईकडे पाहिले. "ठीक होता."

"ठीक म्हणजे?"

"पाणी खारट होतं. ऊन फार होतं. काही खास नव्हतं, बाबा."

"खोलीत डास होते," आई म्हणाली. "कंटाळलो आम्ही."

त्या दोघींनी वाटेत हे ठरवून ठेवले असणार. बाबांचा हात मांडीखाली गेला, कागदावर टेकला आणि रिकामाच बाहेर आला.

"बरं," ते म्हणाले. "जा, अंघोळ कर. दमली असशील."

संध्याकाळी टॉवेल बदलताना तो कागद आईला सापडला. तिने तो उभ्याउभ्याच वाचला, मग पलंगाच्या कडेवर बसून पुन्हा वाचला. आता उत्तरे द्यायची तर आल्या आल्या सांगितलेले सगळे खोटे होते हे कबूल करावे लागले असते. तिने कागदाची घडी घातली आणि कपाटात चादरींच्या खाली सरकवून दिला. बाबांनी त्याबद्दल कधी विचारले नाही.

त्यानंतर या घरात समुद्राचे नाव निघाले नाही. पुढे पुढे दुसऱ्या गोष्टींचीही नावे निघेनात. भिंगरीला धावण्याच्या शर्यतीत बक्षीस मिळाले, ते बाबांना नर्सबाईंकडून कळले. आईला दुकानात बढती मिळाली, ती आठवड्याने, ओझरती सांगितली गेली. दोघी त्यांना जपत होत्या. जपता जपता त्यांनी त्यांच्यापर्यंत पोचणारे आनंदाचे एकेक दार लावून घेतले. बाबाही त्यांना जपत होते, म्हणून काही विचारत नव्हते. तिघांचे एकमेकांवर प्रेम होते. मी त्यांच्या इतकी जवळ होते, म्हणून खात्रीने सांगते.

माझा जोड मागच्या वर्षी उसवला. आईने दोनदा ठिगळ लावले, पण हवा राहीना. तेव्हा कुठे मापाची गादी आली आणि मी या खोलीतल्या कपाटावर आले. इथून मला सगळे दिसते, पण मी आता कुणाच्या उपयोगाची नाही.

मित्रांनो, तुमच्या ट्यूबा उन्हात टाकू नका, टोकदार दगडांवर घासू नका. एवढे सांगणे माझ्या जातीला शोभते. पण माझे एक जास्तीचे ऐका. तुमच्या घरात कुणी एका जागी बसून असेल, तर बाहेरून येताना आपला आनंद उंबऱ्याबाहेर झटकून येऊ नका. तो त्यांच्यापर्यंत आणा. त्यांना वाईट वाटेल, कदाचित रडूही येईल. तरी आणा. इथे आता फार उशीर झाला आहे, तुमच्याकडे अजून झाला नसेल.

भिंगरी आता पंधरा वर्षांची आहे. या क्षणी ती बाहेरच्या खोलीत मैत्रिणीशी फोनवर बोलते आहे, आणि एवढ्या मोठ्याने हसते आहे की कपाटाच्या काचा थरथरतात. बाबा खुर्ची दाराच्या दिशेने वळवतात. पावले जवळ येतात. दाराशी हसणे थांबते, आणि मग दार उघडते.

"काय गं, काय झालं एवढं?" बाबा विचारतात.

"काही नाही, बाबा," ती म्हणते. "तुम्हाला पाणी हवंय का?"