हिल्डासाठी सव्विसावा अध्याय

ॲन्टोनेटने तारीख बदलून घेतली तेव्हाच मला कळलं, की आता हिल्डाचं काही खरं नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

आमच्या खोताच्या वाडीत मे महिनाभर संध्याकाळी क्रूसापाशी रोझरी होते. रोज एकेका घराकडे मान. प्रार्थना झाली की त्या घरातल्या कुणीतरी बायबलातल्या नीतिसूत्रांचा एक अध्याय वाचायचा आणि रोजच्या जगण्याला धरून चार शब्द बोलायचे. अध्याय एकतीस, मेचे दिवसही एकतीस; जी तारीख, तो अध्याय. मी नलू, ॲन्टोनेटची शेजारीण. आमच्याकडे गणपती बसतो, तरी मे महिन्यात क्रूसापुढे माझी खुर्ची ठरलेली.

ॲन्टोनेटच्या वाट्याला पाचवी तारीख आली होती. पाचवा अध्याय परस्त्रीच्या नादी लागणाऱ्यांचा. तो तिने गॅब्रिएलच्या गळ्यात मारला आणि त्याची सव्वीस तारीख स्वतःकडे घेतली. बिचारा म्हातारा विधुर, कानापर्यंत लाल होऊन बोलला त्या दिवशी. सव्विसाव्या अध्यायात चुगलखोरांचा चांगलाच समाचार घेतलाय, आणि ॲन्टोनेटला तोच हवा होता.

कारण हिल्डाने ॲन्टोनेटच्या लेकीचं, अँड्रियाचं, ठरलेलं लग्न मोडलं होतं. अँड्रियाला लहानपणी फिट्स यायच्या. गोळ्या बंद होऊनही आता खूप वर्षं झाली. मुलाला ते ठाऊक होतं, त्याच्या आईला नव्हतं. हिल्डा अँड्रियाची गॉडमदर, तिला घरातलं सगळं माहीत. तिने त्या आईला गोड बोलून फोन केला आणि आठवड्याच्या आत नकार आला. वाडीला वाटलं, लग्नानंतर राहायच्या ब्लॉकवरून बिनसलं. खरं काय ते मला माहीत, कारण ॲन्टोनेट माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली होती. तेव्हापासून हिल्डा दिसली की माझ्याही तळपायाची आग मस्तकात जायची.

अँड्रियाने आईला माझ्यासमोरच बजावलं होतं. "मम्मी, वाडीत हे कुणाला कळता कामा नये. मला इथेच राहायचंय. सगळे माझ्याकडे आजारी म्हणून बघायला लागले तर मला नाही सहन होणार."

"नाव घेणार नाही. आजाराचं तर नाहीच नाही," ॲन्टोनेट म्हणाली. "पण तिला सोडणार पण नाही."

सव्वीस तारखेला हिल्डा पहिल्या रांगेत बसली होती, इस्त्रीचा ड्रेस घालून, हातात पंखा. अँड्रिया मधल्या रांगेत होती. ॲन्टोनेटने अध्याय सावकाश वाचला. मग बोलायला लागली. आपल्या घरी येऊन जेवायचं आणि बाहेर जाऊन आपल्याच पोराबाळांच्या नावाने काड्या करायच्या, अशा बायकांबद्दल. मी हिल्डाचा चेहरा सोडून कुठेच बघत नव्हते.

आणि हिल्डा काय करत होती? मान डोलावत होती! "खरं बोललीस गं," ती मोठ्याने म्हणाली. "आहेत, आपल्या वाडीत पण आहेत अशा." आणि तिरक्या नजरेने चक्क माझ्याकडे बघितलं.

माझं डोकं फिरलंच, पण ॲन्टोनेटचं त्याहून जास्त.

"तुलाच म्हणतेय मी, हिल्डा!" ती ओरडली. "अँड्रियाला फिट्स यायच्या म्हणून तिच्या होणाऱ्या सासूला फोन कोणी केला? गॉडमदर ना गं तू तिची? पोरीचं लग्न मोडलंस आणि वर पुढच्या खुर्चीत बसतेस? लाज नाही वाटत?"

हिल्डाचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं. पंखा थांबला. सगळी वाडी तिच्याकडे बघत होती. टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटलं. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

ते फार वेळ टिकलं नाही. मागच्या खुर्चीवरून गॅब्रिएलने अगदी मायेने विचारलं, "अँड्रिया, बाळा, अजून येतात काय गं?"

सगळ्या माना हिल्डावरून अँड्रियाकडे वळल्या. कुणीतरी चुकचुकलं. शेजारच्या बाईने तिच्यासाठी पाण्याची बाटली पुढे केली.

अँड्रिया उठली. "मम्मी," ती म्हणाली, "हिल्डा आन्टीने एकाच घरात सांगितलं होतं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

ती घराकडे निघाली तशी हिल्डा लगबगीने उठली आणि तिचा दंड धरला. "सांभाळून हां, राजा, पायरी आहे," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. बायका हळहळल्या. त्या भवानीच्या तोंडावर परत रंग आला होता.

ॲन्टोनेट उघडं बायबल हातात घेऊन तशीच उभी राहिली. अँड्रियाने हिल्डाचा हात झटकला नाही. आईकडे मात्र तिने वळूनही बघितलं नाही.